चौकातला मोठा पडदा

पडद्यावर गेम सुरू व्हायच्या जागी पुन्हा तीच ओळ आली : या लॅपटॉपचे ग्राफिक्स जुने आहेत, गेम चालणार नाही.

समोर अर्धं पाटोदा जमलं होतं. चौकातल्या फ्लेक्सवर विजयसिंहचा गॉगलवाला फोटो, खाली 'वाढदिवसानिमित्त भव्य गेमिंग स्पर्धा'. फ्लेक्स लागला की माणूस अर्धा पुढारी होतो. उरलेला अर्धा विजयसिंहला आज व्हायचं होतं. निवडणुकीचं तिकीट ज्यांच्या हातात, ते साहेब पहिल्या रांगेत बसले होते. मागून कुणीतरी शिट्टी मारली. दोघं-तिघं उठले.

“तोवर आपलं लाईव्ह लाव पडद्यावर,” विजयसिंह दातओठ खात म्हणाला.

पडदा-स्पीकर भाड्याने देणाऱ्या शहादेवने त्याच लॅपटॉपवरून लाईव्ह लावलं. त्यासाठी आदिनाथ सकाळपासून मोबाईलवर शूटिंग करत विजयसिंहच्या मागे फिरत होता. काही झालं तरी फोन बंद करायचा नाही, असा विजयसिंहभाऊंचा हुकूमच होता.

विजयसिंहने शहादेवची कॉलर धरली आणि त्याला स्टेजमागे ओढलं.

“तूच म्हनला व्हतास ना बे, कोनताबी लॅपटॉप चालतोय?”

“चुकलं माझं, भाऊ. मला वाटलं, गेम तिकडं लांबच्या कॉम्प्युटरवर चालतोय, इकडं निस्तं चित्र येतंय. पर ते चित्र लई आवळून बांधल्यालं येतं. ते सोडायचं काम ह्याच्या ग्राफिक्सचं. ह्याला ती नवी गाठ सुटत न्हाई.”

“मग येरवी व्हिडिओ कसे चालतेत?”

“त्यांची गाठ जुनी हाय.”

विजयसिंहला यातलं काहीच ऐकायचं नव्हतं. पहिल्या ठोशात शहादेवचा ओठ फाटला. तो खाली बसला तशी लाथ बसली. मग जाड वायरचं वेटोळं हाताला लागलं. पाठीवर, खांद्यावर, तोंड झाकलेल्या हातांवर.

“सायबांपुढं अब्रू घालवलीस माझी!”

एकेका शब्दाला एकेक फटका. शहादेव आधी ओरडला, नंतर नुसता कण्हत राहिला. शेजारी जनरेटर घरघरत होता, त्यामुळे पुढे काही ऐकू जायची भीती नव्हती.

दम लागला तेव्हा विजयसिंह थांबला. केस नीट केले, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या खाली घेतल्या आणि हात जोडून, हसत स्टेजवर आला.

टाळी वाजली नाही. त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं. साहेब खुर्चीतून उठून उभे होते.

विजयसिंहने वळून पाहिलं. पडद्यावर तोच होता, दुमजली घराएवढा, आणि त्याच्या हातातली वायर खाली येत होती.

“बंद कर बे!” तो आदिनाथवर ओरडला. आदिनाथने घाईघाईने फोन खिशात कोंबला. पण लाईव्ह थोडं मागून चालतं. पडद्यावरचा शहादेव अजून मार खात होता.

खरा शहादेव पायरीला धरून कसाबसा वर आला. हनुवटीवरून रक्त गळत होतं.

“बघा भाऊ,” तो म्हणाला, “हे कसं न आडखळता चालतंय.”