बिननावाची साक्ष

सुनेने टोपलीत हात घातला, घडी उलगडली आणि पहिल्याच ओळीशी ती थबकली. हा तर तिचाच कागद होता.

"वाच ना गं," बेकरीवाली मावशी म्हणाली. "का चष्म्याच्या दुकानात काम करून करून आता तुलाच चष्मा लागला?"

बायका हसल्या. चर्चमागच्या त्या खोलीत आठ जणी दर बुधवारी जमत. इतरांची भक्तिपर पुस्तकं वाचून आणि ती लिहिणाऱ्यांशी मनसोक्त भांडून झाल्यावर त्यांनी स्वतःचंच पुस्तक काढायचं ठरवलं होतं. प्रत्येकीची एक साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव, पण नाव न घालता. अक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून सगळे कागद आधी पाळकीणबाईंकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या पत्नीकडे, जात. त्या ते आपल्या अक्षरात उतरवून काढत, भाषा जरा नीटनेटकी करत आणि जमतील तसे टोपलीत टाकत. कागद जिच्या हाती लागेल तिने मोठ्याने वाचायचा. कुणाचा म्हणून विचारायचं नाही. हा शेवटचा नियम पाळताना मावशी अगदी मेटाकुटीला यायची.

सून वाचू लागली.

"वर्षभर मी प्रार्थना केलेली नाही. सगळ्यांबरोबर डोळे मिटते, ओठ हलवते, आमेन म्हणते. आत मात्र काही नसतं. एकदा जीव तोडून मागितलं, ते मिळालं नाही. आता मागायला तोंड उघडत नाही. तरी बुधवारी येते, कारण इथे शेजारी कुणीतरी असतं."

पाळकीणबाईंनी भाषा बरीच बदलली होती. इतकं नेटकं तिने कुठे लिहिलं होतं? तिने तर रडत रडत खरडलं होतं. पण म्हणणं तेच.

तिने समोर बघायचं टाळलं. समोर सासूबाई बसल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका आणि ह्या बायकांच्या प्रमुख. गेल्या वर्षी त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, आजारपणात गेला. तेव्हापासून घरात ह्या दोघीच. रोज सकाळी सासूबाई मोठ्याने प्रार्थना करायच्या आणि सून शेजारी डोळे मिटून बसायची. त्या प्रार्थनेच्याच आधाराने म्हातारी उभी आहे, अशी तिची खात्री होती. आपण आतून रिकाम्या आहोत हे कळलं तर त्या कोसळतील, ह्या धास्तीने तिने आजवर अवाक्षर काढलं नव्हतं. बिचारीने कागदावर मन मोकळं केलं, तेवढंच.

"हे पुस्तकात नको," दवाखान्यातली नर्स म्हणाली. "वाचणाऱ्याला धीर यायला हवा. हे वाचून कुणाला धीर येणार?"

"आणि विश्वासच उरला नाही, तर बाईसाहेब येतात कशाला?" मावशी म्हणाली. "चहाला?"

ह्या खेपेला कुणी हसलं नाही. मावशी एकेकीचा चेहरा न्याहाळू लागली. तिची नजर सुनेवर येऊन थांबली.

"तू का गं अशी मान खाली घालून बसलीस?"

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

"तो कागद माझा आहे," त्या म्हणाल्या.

पाळकीणबाईंच्या हातून कपबशी सुटली. तुकडे गोळा करायला त्या खाली वाकल्या, त्या बराच वेळ वर आल्याच नाहीत.

"छापायचा की नाही ते तुम्ही ठरवा," सासूबाई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. "पण येते कशाला, असं लिहिणारीला विचारू नका. ते तिने लिहिलंय."

मावशीचं तोंड एवढंसं झालं. ती उठली आणि सासूबाईंच्या शेजारी येऊन बसली.

घरी पोचेपर्यंत सुनेने कसाबसा दम धरला. सासूबाई भाजी चिरायला बसल्या, तेव्हा ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, माझ्यासाठी तुम्ही सगळ्यांसमोर कमीपणा घेतलात."

"तुझ्यासाठी? ते कसं?"

"माझा कागद तुमच्यावर घेतलात ना."

सासूबाईंची सुरी थांबली. "तुझा? अगं, तो माझाच होता."

सुनेला काही कळेना. "मग रोज सकाळची प्रार्थना?"

"ती तुझ्यासाठी. मी थांबले तर तुझाही धीर सुटेल असं वाटायचं. आणि तू गं? डोळे मिटून बसतेस ती?"

"तुमच्यासाठी," सून म्हणाली.

मग सासूबाईंना हसू फुटलं. वर्षभरात पहिल्यांदाच. सुनेलाही हसू आवरेना, आणि हसता हसता दोघी कधी रडायला लागल्या ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. वर्षभर दोघींनी एकमेकींना फसवलं होतं, आणि तेही किती जीव लावून!

बेल वाजली. दारात पाळकीणबाई उभ्या होत्या. डोळे सुजलेले.

"या, बसा," सून म्हणाली. त्या बसल्या नाहीत.

"ताई, उद्या सगळ्या चर्चमध्ये तुमच्या नावाची चर्चा होईल. मला ते बघवणार नाही."

"होऊ दे की. जे खरं आहे त्याचीच होईल," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आणि गंमत ऐका, हिनेही तेच लिहिलंय म्हणे."

"माहीत आहे मला. दोघींचंही मीच वाचलं ना." पाळकीणबाईंनी दाराची चौकट घट्ट धरली. "तुम्हा दोघींचे कागद मी अजून उतरवलेलेच नाहीत, ताई. हात चालेना. आज वाचला, तो माझा होता."