पट्ट्याखालचा श्वास

नागपुरात तुलसीरामचं दुर्बिणीतून छातीचं ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी तो खोकलला की टाक्यांजवळ, दोन बरगड्यांच्या मधून फुप्फुस कातडीखाली लिंबाएवढं वर यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पट्टा बांधा, ओझं उचलू नका, खोकला आला की तळव्याने दाबून धरा.

दाबायचं काम बायकोकडे, दुलारीकडे आलं. सौंदड गावातल्या घराच्या अंगणात ती धान पाखडायची. कोंडा नाकात जाऊ नये म्हणून सूप झटकताना ती श्वास रोखायची, लहानपणापासूनची सवय. नेमकं तेव्हाच आत तुलसीराम गुदमरायचा, आणि ती सूप टाकून धावायची.

आज दुपारी पट्टा बदलताना तिचा तळवा त्या फुगवट्यावर होता. घशात अडकलेल्या कोंड्याने तिला खोकला आला. फुगवटा उसळला. तुलसीराम खोकलला नव्हता.

तिने मुद्दाम श्वास धरला. तळव्याखालची हालचाल थांबली. तुलसीरामचे ओठ काळेनिळे पडले.

"काऊन रोखून राहिली?" तो कसाबसा म्हणाला.

तिने घाईने श्वास सोडला. फुगवटा हलू लागला.

त्याने तिचा तळवा फुगवट्यावर दाबून धरला. मग म्हणाला, "आता मी रोखून पायतो."

त्याने तोंड मिटलं. दुलारीने श्वास घ्यायला तोंड उघडलं, पण आत काहीच गेलं नाही.