माशी स्पष्ट, लक्ष्य धूसर

रायफल सोडून आकांक्षा पिस्तुलाकडे वळली तेव्हाच सरांनी बजावलं होतं, "इथे लक्ष्याकडे बघायचं नाही. नळीच्या टोकावरची ही माशी, नेम धरायची खूण, स्पष्ट दिसली पाहिजे, लक्ष्य धूसर." बाकीच्या मुलींची नजर सारखी लक्ष्याकडे पळायची. आकांक्षाला मात्र पहिल्याच दिवशी जमलं. लांबचं आपसूकच धूसर दिसायचं. सर खूश, तीही खूश. आज दादरच्या शूटिंग रेंजवर तिने हात उचलला आणि माशीच धूसर झाली. नेम धरताना डाव्या डोळ्यावर लावलेली पट्टी वर करून पाहिलं, तरी तीच गत. बाबांचंही असंच झालं होतं: आधी लांबचं गेलं, मग जवळचं. आता लालबागच्या चाळीत ते भिंत चाचपत मोरीपर्यंत जातात. "काय गं, थांबलीस का? माशी दिसतेय ना?" "दिसतेय, सर. पाणी पिऊन येते." पिस्तूल ठेवून ती वळली. तिचा हात भिंत शोधत होता.