विनापरवाना

"घातक कचऱ्याचा परवाना दाखव," नाक्यावरचा अधिकारी म्हणाला.

हैबतीने टँकर बंद केला. तीन वर्षांपूर्वी असाच विनापरवाना कचरा नेताना तो पकडला गेला, तेव्हा मालकाने, "हा माझा ड्रायव्हरच नाही," म्हणत हात झटकले होते. तुरुंगातून सुटल्यावर हैबतीने त्याच्याच पाया पडून पुन्हा नोकरी धरली. नाक्यावर लाच न घेणारा अधिकारी आलाय, हे कळताच त्याने गळ घातली, "मालक, तुम्ही सोबत चला. तुमचा शब्द चालतो."

"परवाना नाही, साहेब. पण मालक शेजारीच बसलेत."

मालक पांढराफटक पडला. "हैबती, तूही आत जाशील!"

"जाईन की," हैबती दार उघडत म्हणाला. "मी आत असताना आई गेली. मयतालाही सोडलं नाही मला. उतरा."