चौडप्पाचा अर्ज

चंद्रकेतूअण्णाला जाऊन वर्ष झालं. जाताना त्याने डोळे दान केले होते, म्हणून आम्ही त्याचे चाहते दावणगेरेत थिएटरसमोर त्याच्या कटआउटला दुधाचा अभिषेक करून नेत्रदानाचे अर्ज भरून घ्यायला बसलो. रांगेत काठी टेकत चौडप्पा आला. जन्मापासून आंधळा.

"मामा, जेवणाची रांग पलीकडे," मी म्हणालो.

"जेवलो. चित्रान्नात मीठ कमी आहे. अर्ज लिही."

रांगेतले हसले. आमच्यासोबत बसलेल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मात्र बॅटरी मारून त्याचे डोळे बराच वेळ पाहिले.

"मागची नस सुकलेली आहे," ते हळूच म्हणाले. "पण बुबुळं काचेसारखी स्वच्छ आहेत. दुसऱ्याला बसतील."

"ठाऊक आहे. मोठ्या दवाखान्यात विचारून आलोय," चौडप्पा म्हणाला.

हसणं थांबलं. मी त्याचा अंगठा धरून शाईत टेकवला. "मामा, हे कशासाठी?"

दुधाचा वास येत होता तिकडे त्याने तोंड वळवलं.

"अण्णाचा एकेक सिनेमा मी इथे पहिल्या खेळाला बसून ऐकलाय. माझ्या डोळ्यांनी तरी एखादा बघावा."