अपात्र रुग्ण

“निकषांची पूर्तता होत नसल्याने आपले नाव कर्करोगावरील नव्या उपचाराच्या चाचणीतून वगळण्यात येत आहे.” चाचणी समितीचे हे पत्र दिओलिंदा आजींनी पोर्तुगालमधल्या कोइंब्राच्या इस्पितळात डॉक्टर इल्दांच्या टेबलावर ठेवले.

“माझ्यात काही राम उरला नाही, असंच ना डॉक्टरीणबाई? असू दे. पुरायच्या वेळचा काळा पोशाख इस्त्री करून ठेवलाय. फक्त ईस्टर दिसेल का, तेवढं सांगा.”

डॉक्टर इल्दा या निर्णयाविरुद्ध तीन आठवडे भांडून हरल्या होत्या. समितीच्या लेखी विज्ञान म्हणजे नियमपालन, आणि रुग्ण ही त्यात अनवधानाने शिरलेली त्रुटी.

“आजी, सोन्याचे अतिसूक्ष्म कण टोचून किरण दिले ते तुमच्या मानेतल्या गाठीला. ती विरघळली.”

“आणि फुप्फुसातली?”

“तिला आम्ही हातही लावला नाही. उपचाराविना गाठ कशी वाढते, ते ताडून पाहायला ती तशीच ठेवायची, असा नियम. पण मानेतल्या गाठीवरून तुमच्या रक्तातल्या पेशींनी शत्रू ओळखला, आणि तिचाही फडशा पाडला.”

“अगं बाई! मग मला काढलं कशाला?”

“तुलनेला गाठच उरली नाही म्हणून.”