तिथी दाखवणारी सीडी

"ब्राह्मी, बॅग भर. चार दिस माहेरी जाऊन ये," कल्लाप्पा सुनेला म्हणाले आणि तिच्याकडं न बघता त्यांनी फोनला कुलूप घातलं.

ह्या चार दिसांना शेवट नव्हता, हे घरात सगळ्यांना कळलं. सांगलीच्या मार्केट यार्डात कल्लाप्पांचं हळदीचं दुकान. दिवाळीपासनं दर सौद्यात यार्डातला दुसरा व्यापारी नानासो त्यांच्या एक बोट पुढं. कल्लाप्पांच्या मनातला दर त्याला आदल्या दिवशीच ठाऊक. आणि ब्राह्मीचा चुलता नानासोच्या दुकानात दिवाणजी. मग काय, सूनच चुलत्याला दर पोचवती, असं जोडणाऱ्यांनी जोडलंच.

गंमत बघा. यार्डात दर कधी तोंडानं बोलायचा नाही, टॉवेलाखाली हातात हात घालून बोटं दाबायची, अशी कल्लाप्पांची जुनी रीत. पोटच्या सम्मेदलाही त्यांनी त्या टॉवेलाखाली हात घालू दिला नव्हता. आणि हाच माणूस दिवस मावळायच्या आत जेवण उरकून सोप्यात ऐसपैस बसायचा आणि उद्याचा दर सुनेला मोठ्यानं सांगायचा! ती तो काँप्युटरवर टाइप करायची आणि फोन जोडून इंदूरच्या व्यापाऱ्याला मेल धाडायची.

ब्राह्मी रडली नाही. तिला राग आला होता. "जाते, अण्णा. पण आधी इकडं या. मेल गेल्यावर आपण हात लावत न्हाई, तरी मॉडेमचा दिवा लुकलुकतोय. आपण गप्प, मग बोलतंय कोण?"

तिनं पडद्यावर एक अनोळखी फाईल दाखवली. फाईल दिवाळी पाडव्याची. त्या दिवशी नानासो मिठाईच्या पुड्याबरोबर एक सीडी घेऊन आला होता. बटण दाबलं की अष्टमी, चतुर्दशी सगळं दाखवणारी. जैनाचं घर, उपवासाची तिथी चुकून कसं चालेल? सासूबाई गुणमाला तर हरखूनच गेल्या होत्या. नानासोनं नस बरोबर ओळखली होती.

"आपण टाइप केलेलं सगळं ही फाईल टिपून ठेवती, आन फोन जोडला की गुपचूप नानासोकडं धाडती."

"नानासो माझ्या मांडीला मांडी लावून जेवलाय," कल्लाप्पा कडाडले. "आपलं झाकायला दुसऱ्यावर ढकलू नको."

"बरं. मग आज काढत न्हाई ती. आज ठेवू."

ती खुर्चीवर बसली आणि टाइप करायला लागली. 'उद्या धुळा शेतकऱ्याचा हळदीचा ढीग आपल्यालाच पाहिजे. कितीही दर जाऊ दे, सोडायचा नाही.'

"अगं, त्या ढिगाला पाणी लागलंय! आतनं काळा पडलाय त्यो!"

"व्हय. तुमीच सकाळी म्हणालासा."

ते पत्र तिनं कुणालाच धाडलं नाही. कल्लाप्पांकडनं कुलूप काढून घेतलं आणि नुसता फोन जोडला. दिवा लुकलुकला. मग तिनं वायर उपसली. "आता घाला कुलूप. किल्ली तुमच्यापाशी ऱ्हाऊ दे. मी सासूबाईंच्या शेजारी निजते."

दुसऱ्या दिवशी यार्डात धुळाच्या ढिगापाशी सौदा आला. एरवी नानासो हळकुंड मोडायचा, वास घ्यायचा, उजेडात धरून बघायचा. आज गडी वाकलासुद्धा नाही. अडत्याच्या टॉवेलाखाली हात घातला आणि अडत्यानं ठरलेला चढा दर पुकारला, तसं अख्खं यार्ड वळून बघायला लागलं. धुळानं डोक्यावरची टोपी काढली, काय करावं कळेना, परत घातली.

कल्लाप्पांनी त्या ढिगातलं एक हळकुंड उचललं, मोडलं आणि नानासोच्या नाकासमोर धरलं. आतनं काळंठिक्कर.

"ह्यो ढीग मला पायजे, हे तुला कुणी सांगितलं रं, नानासो? मी तर घरातल्या मशिनीला तेवढं सांगितलं होतं."

नानासोचं तोंड बघण्यासारखं झालं. चोराच्या मनात चांदणं ते हेच.

घरी आल्या आल्या ब्राह्मी फाईलच्या मागं लागली. फाईल जाईना, वापरात आहे म्हणायला लागली. ब्राह्मीनं मशीन बंद केलं, काळ्या पडद्यावर सुरू केलं, नाव टाइप करून फाईल पुसली. मशीन उठताना फाईलला परत उठवणारी ओळ होती, तीही उडवली. तिच्या दोन पिल्ली फाईली लपून बसल्या होत्या, त्याही शोधून काढल्या. शेवटी सीडीचे दोन तुकडे केले.

"अगं बाई, मग चतुर्दशी कशी कळायची?" गुणमाला कळवळल्या.

"भिंतीवर कॅलेंडर हाय की, सासूबाई!"

तिनं फोन जोडला. सगळे दिव्याकडं टक लावून बसले. दिवा गप्प. सम्मेदनं लहान पोरासारख्या टाळ्या वाजवल्या आणि दारातली भरलेली बॅग उचलून आत नेली. 

कल्लाप्पा मात्र उठून आत गेले. क्षमावाणीच्या, म्हणजे एकमेकांची क्षमा मागायच्या दिवशी सगळं घर त्यांच्यापुढं वाकायचं आणि त्यांनी फक्त मान हलवायची, अशी चाल. आपणहून आधी कुणाची क्षमा मागितलेली त्यांना कुणी बघितलं नव्हतं.

सकाळी ते एवढंच म्हणाले, "ब्राह्मी, यार्डात चल."

दुकानदाराची सून सौद्यात उभी राहिलेली यार्डानं आजवर पाहिली नव्हती. माणसं बघायला लागली. सम्मेद तर आ वासून उभा. भर गर्दीत कल्लाप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, हातांवर टाकून पुढं धरला.

"आजपासनं दर मशिनीला न्हाई सांगायचा. हितं तुला सांगायचा. घाल हात."

ब्राह्मीनं टॉवेलाखाली हात घातला आणि दराचं बोट चाचपलं. बोट सापडेना. टॉवेलाखाली कल्लाप्पांचे दोन्ही हात जोडलेले होते.

तिनं ते हात क्षणभर तसेच धरून ठेवले. तिचे डोळे भरून आले आणि हसूही आलं.

"असू दे, अण्णा," ती हळूच म्हणाली. "आता दर सांगा."